घटक ६ : विकास महामंडळाची आस्थापना आणि तिची परिभाषा (तापी खोऱ्याचे उदाहरण)

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस शासकीय विकास महामंडळाचा सेवकवर्ग कसा उभा राहतो हे सांगता येईल. मंजूर पद, भरलेले पद आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस या तिन्हींतील भेद स्पष्ट करता येईल. तसेच आस्थापनाविषयक मजकुरातील एखादा पारिभाषिक शब्द कोणाला कोणता हक्क देतो किंवा नाकारतो, हे ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण टिपणी, परिपत्रक आणि शासन निर्णय यांच्या भाषेचा परिचय करून घेतला. तेथे आपला भर मजकुराच्या घडणीवर होता. या घटकात त्याच भाषेच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे आपण वळणार आहोत. कार्यालयीन मराठीत ‘आस्थापना’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ‘दुकाने व आस्थापना’ असे आपण म्हणतो तेव्हा तो एखाद्या व्यवसायाच्या जागेचा वाचक असतो. ‘आस्थापना शाखा’ असे म्हणतो तेव्हा मात्र तो नेमणूक, वेतन, रजा, बदली, पदोन्नती आणि निवृत्ती यांच्या व्यवहाराचा वाचक होतो. येथे आपल्याला दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

उदाहरणासाठी आपण वरणगावचा परिसर घेऊ. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना महामार्गावर लागणारे हे गाव. गावाशेजारी आयुध निर्माणी आहे. परिसरात तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. धरणाच्या जलाशयातून पाणी उचलून शेतीला देण्यासाठी आखलेली वरणगाव-तळवेल परिसर सिंचन योजना आहे, आणि गावाला आता नगर परिषदही आहे. अशा गावात एकाच गल्लीत राहणारे चार जण ‘सरकारी नोकरीत’ असतात. परंतु ‘आपली नोकरी नेमकी कोणाची?’ असे विचारले तर चौघांची उत्तरे चार येतात, आणि कधीकधी एकालाच आपले उत्तर खात्रीने देता येत नाही. आपणांपैकी जे स्वतः अशा नोकरीत आहेत त्यांना याचा अनुभव असेल.

६.३ महामंडळ कशासाठी स्थापन झाले?

महाराष्ट्रात १९९६ ते १९९८ या काळात पाटबंधारे विकासासाठी पाच महामंडळे निर्माण झाली. आरंभ कृष्णा खोऱ्यापासून झाला. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यानुसार वाट्याचे पाणी मे २००० पूर्वी अडवण्याची निकड होती आणि शासनाच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. शासनाचा एखादा विभाग स्वतःच्या नावाने बाजारात कर्जरोखे विकू शकत नाही; कायद्याने निर्माण केलेले स्वतंत्र महामंडळ ते करू शकते. कृष्णेपाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा अशी महामंडळे आली. तापी खोऱ्यासाठी १९९७ चा अधिनियम झाला आणि मुख्यालय जळगावला आले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्यातील गिरणा खोऱ्याचा भाग हे त्याचे कार्यक्षेत्र होय. (नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा जुलै १९९८ मधला, महामंडळाचा कायदा झाला तेव्हा तो धुळे जिल्ह्यातच होता.)

येथे एका शब्दगोंधळाची नोंद घेतली पाहिजे, कारण परीक्षार्थी तेथे हमखास अडखळतात. पाटबंधाऱ्यांच्या रचनेत ‘मंडळ’ म्हणजे अधीक्षक अभियंत्याचे कार्यालय. ‘नियामक मंडळ’ म्हणजे महामंडळाचे धोरण ठरवणारी समिती. तिचे अध्यक्षपद जलसंपदा मंत्र्यांकडे असते. आणि ‘महामंडळ’ म्हणजे संपूर्ण संस्था. एकाच पत्रात हे तिन्ही शब्द आले तर वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी थांबून कोणते मंडळ हे पाहावे.

महामंडळाला कायद्याने स्वतःचे नाव, मुद्रा, मालमत्ता आणि न्यायालयात उभे राहण्याची पात्रता मिळाली. पैसा उभारण्याचा प्रश्न अशा रीतीने हाताळला गेला. माणसांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निराळे निघाले.

६.४ उसनी माणसे : प्रतिनियुक्तीचा अर्थ

महामंडळाचा प्रमुख कार्यकारी संचालक, आणि तो बहुधा जलसंपदा विभागातलाच ज्येष्ठ अभियंता असतो. त्याच्याखाली मुख्य अभियंता, मंडळाचा अधीक्षक अभियंता, विभागाचा कार्यकारी अभियंता, उपविभागाचा उपविभागीय अधिकारी आणि शाखेचा शाखा अभियंता अशी उतरंड आहे. ही उतरंड महामंडळापूर्वीही होती. नवी संस्था आली, पाटीवरील नाव बदलले आणि त्याच खुर्च्यांवर त्याच विभागाची माणसे बसली. व्यवहारात महामंडळाची यंत्रणा जलसंपदा विभागाच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांवरच चालते. त्यांची ज्येष्ठता, पदोन्नती आणि बदली यांचा निर्णय विभागाच्या हाती राहतो.

मूळ कार्यालयातील हक्क कायम ठेवून दुसऱ्या संस्थेत ठरावीक काळ काम करण्याला ‘प्रतिनियुक्ती’ म्हणतात. ‘नियुक्ती’ला ‘प्रति’ हा उपसर्ग लागून शब्द बनला आहे. या शब्दाबरोबर ‘धारणाधिकार’ हा दुसरा शब्द ध्यानात ठेवावा. आपल्या मूळ पदावर परत जाण्याचा हक्क म्हणजे धारणाधिकार. प्रतिनियुक्तीवरील कर्मचाऱ्याचे एक पाऊल नेहमी मूळ कार्यालयात असते, ते या धारणाधिकाराच्या बळावर.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. नव्या संस्थेला पहिल्या दिवसापासून अनुभवी माणसे मिळतात, कर्मचाऱ्याची सेवा खंडित होत नाही, निवृत्तिवेतनाचा भार नव्या संस्थेच्या तुटपुंज्या उत्पन्नावर पडत नाही. दोषही तितकेच उघड आहेत. ज्याची पुढची बढती विभागात ठरते त्याचे लक्ष विभागाकडे राहते. एखादा उपविभागीय अधिकारी तीन वर्षांत कालव्याची वळणे, चाऱ्यांची गळती आणि गावोगावचे हेवेदावे समजून घेतो आणि बदलीवर निघून जातो. त्याच्यानंतर येणारा तेथूनच पुन्हा आरंभ करतो.

याची तुलना वरणगावच्या निर्माणीशी करून पाहा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात येऊन देशातील निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेली. कामगार मात्र केंद्र सरकारचेच कर्मचारी राहिले आणि कंपनीकडे त्यांची ‘मानीव प्रतिनियुक्ती’ झाली. आरंभी ही मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढवण्यात आली. ‘मानीव’ हे विशेषण आपण ‘मानीव अभिहस्तांतरण’ या गृहनिर्माण संस्थांच्या व्यवहारात ऐकलेले असते. जे प्रत्यक्ष घडलेले नाही ते घडले असे कायद्याने मानायचे, असा त्याचा अर्थ. यंत्रावर उभा असलेला कामगार त्याच यंत्रावर राहिला, गेटही तेच राहिले, आणि एका रात्रीत तो दुसऱ्या संस्थेत प्रतिनियुक्तीवर गेला असे मानण्यात आले. मुदतीच्या अखेरीस काय होणार, हा प्रश्न त्या एका विशेषणामुळे त्याच्या घरात आला.

तिसरे उदाहरण जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेचे. या यंत्रणेने स्वतःचा कायम सेवकवर्ग उभारू नये, माणसे प्रतिनियुक्तीवर घ्यावीत, असेच केंद्राचे धोरण होते. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने ही योजना बंद केली, तेव्हा प्रतिनियुक्तीवरील माणसांना परत जाण्यासाठी मूळ जागा होत्या. कंत्राटी माणसांना धारणाधिकार नसतो, म्हणून त्यांना तसा आधार नव्हता.

आपली प्रगती तपासा : आपल्या परिचयातील एखादी व्यक्ती प्रतिनियुक्तीवर असल्यास तिचा वेतनदाता, शिस्तभंगाची कारवाई करणारा अधिकारी आणि दैनंदिन काम सांगणारा अधिकारी हे तिघे एकच आहेत की वेगळे, ते विचारून पाच-सहा वाक्यांत लिहा.

६.५ आकृतिबंध

साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द ओळखीचा आहे. कथेचा किंवा कवितेचा आकृतिबंध म्हणजे तिच्या घटकांची परस्परांशी असलेली बांधणी. प्रशासनाने हाच शब्द कार्यालयातील पदांच्या मंजूर रचनेसाठी घेतला आहे. कोणत्या कार्यालयात कोणती पदे, किती संख्येने आणि कोणत्या वेतनश्रेणीत असतील, हे ठरवणारा तक्ता म्हणजे आकृतिबंध. तो विभागाने सुचवायचा, वित्त विभागाने तपासायचा आणि उच्चस्तरीय सचिव समितीने मान्य करायचा, असा त्याचा प्रवास असतो. प्रवास लांब असतो. तो पूर्ण होईपर्यंत भरतीवर बंधने राहतात, त्यामुळे ‘सुधारित आकृतिबंध मंजूर नसल्याने’ हा वाक्यांश रिक्त पदांविषयीच्या बहुतेक पत्रव्यवहारात आपल्याला भेटतो.

आकृतिबंधाचा तक्ता वाचताना मंजूर, भरलेली आणि रिक्त अशा तीन रकान्यांकडे पाहावे. चौथा रकाना छापलेला नसतो, तो वाचकाने मनाशी आखावा : या पदाचे काम आज प्रत्यक्षात कोण करीत आहे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये जलसंपदा विभागाने सरळसेवेने ४४९७ पदे भरण्याची जाहिरात दिली. ती संपूर्ण राज्यासाठी होती. तीत स्थापत्य अभियांत्रिकी सहायकांची १५२८, कालवा निरीक्षकांची ११८९, मोजणीदारांची ७५८ आणि दप्तर कारकुनांची ४३० पदे होती. शेवटची तीन पदे मिळून २३७७ होतात, म्हणजे एकूण जाहिरातीच्या निम्म्याहून अधिक. ही तिन्ही पदे धरण बांधण्याची नाहीत. बांधलेल्या धरणाचे पाणी शेतापर्यंत पोचवण्याची आणि त्याचा हिशेब ठेवण्याची आहेत. इतकी पदे एकाच जाहिरातीत येतात तेव्हा ती एका वर्षात रिकामी झालेली नसतात.

या पदांचे काम काय असते ते थोडे सविस्तर पाहू, कारण पदनामावरून ते कळत नाही. रब्बीचे आवर्तन सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्यांकडून ‘नमुना ७’ मध्ये पाणी अर्ज घेतले जातात. कोणाचे किती क्षेत्र, कोणते पीक, मागील पाणीपट्टी भरली आहे किंवा नाही, हे कालवा निरीक्षक पडताळतो. त्यावरून शेजपाळी बसते, म्हणजे चारीवरील कोणत्या शेतकऱ्याला कोणत्या दिवशी किती तास पाणी मिळेल याचा क्रम लागतो. पाणी सुटल्यावर तो रात्री-अपरात्री बीटवर फिरतो. कोणी चारी फोडली, कोणी विनाअर्ज पाणी घेतले, तर पंचनामा करतो. पंचनामा करताना समोर उभा असलेला माणूस त्याच्याच गावचा, क्वचित नात्यातलाही असतो. मोजणीदार भिजलेले क्षेत्र मोजून आकारणीचा आधार तयार करतो आणि दप्तर कारकून ती नोंद जतन करतो. या साखळीतील एक कडी निखळली की टोकाच्या शेतकऱ्याला पाणी उशिरा मिळते, मोजणी अंदाजाने होते, पाणीपट्टी थकते आणि थकलेल्या पाणीपट्टीमुळे दुरुस्तीला पैसा उरत नाही. महामंडळाच्या ताळेबंदात हा तोटा ‘अल्प वसुली’ म्हणून दिसतो. त्याचे मूळ रिक्त पदात आहे, हे ताळेबंद सांगत नाही.

धरणावरचे काम निराळे. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पूर्णा आणि तापी यांचा संगम चांगदेवजवळ, धरणाच्या वरच्या बाजूस होतो, त्यामुळे दोन्ही नद्यांचा पूर एकत्रच येतो. पावसाळ्यात किती दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे, खालच्या गावांना इशारा केव्हा द्यायचा, हे ठरवणारी आणि करणारी माणसे चोवीस तास लागतात. येथे पद रिक्त ठेवता येत नाही. म्हणून माणूस दुसरीकडून आणला जातो, आणि ज्या कालव्यावरून तो आला तेथे मागे कोणी उरत नाही.

६.६ कामाला जोडलेले पद

आतापर्यंत आपण नियमित पदांचा विचार केला. धरणे मात्र नियमित कर्मचाऱ्यांनी थोडीच बांधली! गिरणा धरण १९६९ मध्ये आणि हतनूर १९८२ मध्ये पूर्ण झाले. अशा प्रत्येक कामावर हजेरीपटावरच्या मजुरांची, चौकीदारांची, वाहनचालकांची आणि मुकादमांची फौज असे. त्यांच्यासाठी कार्यालयीन मराठीत तीन शब्द आहेत आणि त्यांतील अंतर एका माणसाच्या आयुष्याएवढे आहे.

पहिला शब्द ‘रोजंदारी’. यात नेमणूक दिवसाची, हजेरी लागली तर वेतन. दुसरा ‘कार्यव्ययी आस्थापना’. हा समास फोडून पाहा : ज्या आस्थापनेचा व्यय कार्यावर टाकला जातो ती. या कर्मचाऱ्याचे वेतन कार्यालयाच्या वेतनशीर्षातून जात नाही, ते धरणाच्या किंवा कालव्याच्या अंदाजपत्रकातून जाते. सिमेंट आणि दगड ज्या हिशेबात, त्याच हिशेबात माणूस. काम संपले की अंदाजपत्रक बंद होते, आणि त्याबरोबर वेतनाचा आधारही. तिसरा शब्द ‘रूपांतरित अस्थायी आस्थापना’. १९६७ च्या कालेलकर कराराने असे ठरले की, सलग पाच वर्षे सेवा केलेल्या रोजंदारी कामगाराला या आस्थापनेवर घ्यावे आणि त्याला नियमित कर्मचाऱ्यासारखे लाभ द्यावेत. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे या खात्यांतील असंख्य कामगारांच्या घरी पहिली ठरावीक वेतनाची नोकरी या वाटेने आली. ‘साहेब, मी कालेलकरमध्ये आहे’ असे सांगणारी जुनी माणसे आपणांपैकी काहींनी पाहिली असतील. एक आडनाव अशा रीतीने सेवेच्या प्रकाराचे नाव झाले. बोलीने परिभाषा कशी घडते त्याचे हे उत्तम उदाहरण आहे, कोणत्याही कोशात ते मिळणार नाही.

‘रूपांतरित’ या शब्दात हक्काचा अर्थ आहे, तर ‘अस्थायी’ या शब्दात मर्यादेचा. हे पद त्या माणसापुरते निर्माण झालेले असते. तो निवृत्त झाला की पद ‘व्यपगत’ होते, म्हणजे आपोआप नाहीसे होते. नियमित पद रिक्त झाले तर ते निदान रिक्त म्हणून तक्त्यात दिसते आणि भरण्याची मागणी करता येते. व्यपगत पद तक्त्यातच राहत नाही. बांधकामाच्या काळात भरती झालेली पिढी निवृत्त झाली तेव्हा कालव्यांवरून माणसे कमी झाली आणि कागदावर मात्र काहीच रिक्त झाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खोऱ्यातील पाणी व्यवस्थापनाच्या अडचणींचे एक मोठे कारण येथे आहे. पदे बांधकामाला जोडली होती. बांधकाम संपले तेव्हा पदे संपली, आणि रोजच्या पाण्याचे खरे काम तर त्याच दिवशी सुरू झाले होते.

या प्रश्नाला कायद्याच्या दोन बाजू आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित श्रम प्रथा प्रतिबंधक कायद्यानुसार, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरते. दुसरीकडे, कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमबाह्य मार्गाने नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला केवळ दीर्घ सेवेच्या आधारावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदावर दहा वर्षे काम केलेल्या काहींसाठी एकवेळची सवलत मात्र ठेवली. पहिली बाजू घामाचा विचार करते. दुसरी बाजू त्या नोकरीसाठी जाहिरातीची वाट पाहत अभ्यास करणाऱ्या, कोणाची ओळख नसलेल्या उमेदवाराचा विचार करते. दोन्ही बाजूंना वजन आहे आणि निकाल देणे हे या घटकाचे काम नाही. परंतु ‘मंजूर पदावर’ या दोन शब्दांवर किती जणांचे भवितव्य टांगलेले असते, ते येथे पाहावे.

अलीकडे चौथा शब्द आला आहे : ‘बाह्यस्रोत’. माणूस कार्यालयात काम करतो, पण तो नोकर असतो पुरवठादार संस्थेचा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ठरावीक संस्थांमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करीत असल्याचे शासनाने जाहीर केले. बाह्यस्रोत ही पद्धत मात्र त्याआधीही होती आणि नंतरही वापरात आहे. या शब्दाचे व्याकरण ध्यानात घेण्याजोगे आहे. रोजंदारी ‘कामगार’ असतो, कार्यव्ययी ‘कर्मचारी’ असतो, बाह्यस्रोताने येते ते ‘मनुष्यबळ’. नाम एकवचनी, नपुंसकलिंगी आणि मोजमापाचे झाले.

६.७ उपसा योजनांची वेगळी गरज

तापी खोल पात्रातून वाहते. काठ उंच आणि नाल्यांनी चिरलेले असल्याने खानदेशात पुष्कळ ठिकाणी पाणी वर उचलावे लागते. वरणगाव-तळवेल योजनेत हतनूरच्या जलाशयातून पावसाळ्यात पाणी उचलून ओझरखेडा येथील साठ्यात टाकावयाचे आणि तेथून पुढे शेतीला द्यावयाचे, अशी कल्पना आहे. अशा योजनेला पंपचालक, वीजतंत्री, यंत्रदुरुस्ती करणारे आणि भार-मागणीचा हिशेब समजणारे लोक लागतात. स्थापत्य अभियंत्यांभोवती उभ्या राहिलेल्या पारंपरिक रचनेत ही पदे थोडी. म्हणून यांत्रिकी शाखेची किंवा ठेकेदाराची मदत घ्यावी लागते. तापीकाठच्या अनेक सहकारी उपसा योजना नादुरुस्त पंप आणि थकलेली वीजबिले यांमुळे बंद पडल्या. त्यांच्या सभासदांजवळ पाणी होते, पण पंप जपणारा जाणता माणूस आणि त्याला बारमाही पगार देण्याची सोय नव्हती.

६.८ पाण्याला जोडलेली पदे : फड

आता आपण खानदेशातच थोडे मागे जाऊ. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर लहान बंधारे बांधून फड पद्धतीने शेती भिजवण्याची रीत महामंडळाच्या कितीतरी आधीपासून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे काही फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एका प्रकारचे पीक घ्यायचे, ही तिची मुख्य मांडणी. तिलाही आस्थापना होती. सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार, पाटाचे पाणी सांभाळणारा पाटकरी, प्रत्यक्ष शेतात बारे देणारा बारेकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या. यांची नेमणूक लाभधारक शेतकरी करीत आणि मोबदलाही तेच देत. पूर्वी तो बहुधा धान्यरूपात असे. पाणी कोणी द्यायचे हे शेताच्या मालकाने ठरवायचे नाही, बारेकऱ्याने ठरवायचे, हा नियम त्यात महत्त्वाचा होता.

ही पदे बांधकामाला नव्हे तर वाहत्या पाण्याला जोडलेली होती, म्हणून बंधारा जुना झाला तरी ती टिकली. याचा अर्थ ती व्यवस्था आदर्श होती असा नाही. जागल्याला सेवापुस्तक नव्हते, निवृत्तिवेतन नव्हते, आणि गावाची मर्जी फिरली तर दाद मागण्याचे ठिकाण नव्हते. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना चारीच्या पातळीवरची जबाबदारी दिली, तेव्हा फडातील काही तत्त्वे कायद्याच्या भाषेत परतली. संस्थेने आपला पाटकरी नेमावा, पाणी घनमापनाने मोजून घ्यावे, पाणीपट्टी स्वतः गोळा करावी. परंतु पाणी मोजून संस्थेच्या हवाली करण्यासाठी कालव्यावर महामंडळाचा माणूस लागतो, आणि तो नसेल तर मोजणीचा वाद सोडवणारे कोणी उरत नाही.

६.९ टिपणीचे वाचन

पुढील टिपणी अभ्यासासाठी तयार केलेला नमुना आहे.

विषय : रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविणेबाबत.
उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, या उपविभागातील कालवा निरीक्षक हे नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले असून सदर पद रिक्त आहे. रब्बी हंगामाचे आवर्तन सुरू होणार असल्याने कामाची निकड विचारात घेता, लगतच्या बीटचे कालवा निरीक्षक यांचेकडे सदर पदाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेश होईपर्यंत सोपविण्यात यावा, अशी विनंती आहे. मान्यतेस्तव सादर.

भाषा शुद्ध आहे आणि प्रथेला धरून आहे. तरीही तीन ठिकाणी थांबू. ‘नियत वयोमानानुसार’ म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी. ही तारीख कर्मचारी रुजू झाला त्या दिवशीच सेवापुस्तकात ठरलेली असते. तेव्हा पद रिक्त होणार हे कार्यालयाला काही दशके आधी ठाऊक होते, आणि ‘निकड’ हा शब्द त्या ठाऊक असण्यावर पडदा टाकतो. दुसरे, ‘सोपविण्यात यावा’ या कर्मणी प्रयोगात कर्ता नाही. सोपवणारा कोण, पद न भरणारा कोण, हे वाक्याबाहेर राहते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘पुढील आदेश होईपर्यंत’. या शब्दांना मुदत नाही. पुढील आदेश निघालाच नाही तर एक माणूस दोन बीटांचे काम स्वतःच्या निवृत्तीपर्यंत करील, आणि दोन्ही बीटांवरील शेतकरी त्यालाच जाब विचारतील.

आता हाच मजकूर असा लिहून पाहू : ‘हे पद १ जूनपासून रिक्त आहे. रब्बी आवर्तनासाठी लगतच्या बीटच्या कालवा निरीक्षकांकडे २८ फेब्रुवारीपर्यंत अतिरिक्त कार्यभार द्यावा. पदभरतीचे मागणीपत्र सोबत जोडले आहे. पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या कालवा निरीक्षकांची यादीही जोडली आहे.’ वाक्ये लहान झाली, मुदत आली आणि कार्यालयाने काय केले तेही नोंदले गेले. अशी टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती भरतीचा अधिकार नसतो. परंतु यादी जोडणे त्याच्या हाती असते, आणि ती एकदा धारिकेत गेली की वरिष्ठांना ती वाचली नाही असे म्हणता येत नाही.

६.१० स्वाध्याय

१. ‘रिक्त पद’ आणि ‘व्यपगत पद’ यांतील भेद कालव्यावरील कामाच्या संदर्भात सुमारे २०० शब्दांत स्पष्ट करा.

२. महामंडळाची आस्थापना आणि फड पद्धतीतील आस्थापना यांची तुलना करा. कोणत्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याला अधिक संरक्षण होते आणि कोणत्या व्यवस्थेत पाण्याला, याविषयी आपले मत कारणांसह मांडा.

३. क्षेत्रकार्य : आपल्या जवळच्या पाटबंधारे शाखेच्या, नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन कोणत्याही एका पदाची माहिती घ्या. पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय, आणि त्याचे काम सध्या कोण करते, हे विचारा. कर्मचाऱ्याचे नाव लिहू नका. त्याने आपल्या नोकरीसाठी स्वतः वापरलेला शब्द मात्र जसाच्या तसा टिपून घ्या आणि कार्यालयाच्या कागदावरील शब्दाशेजारी तो ठेवून दोहोंतील अंतराविषयी दहा ओळी लिहा.